संशयावरून रोखलेले नाव

२४ सप्टेंबर २०१८ या दिवशी चेन्नईची ‘झोहो’ ही सॉफ्टवेअर कंपनी इंटरनेटवरून काही तास दिसेनाशी झाली. तिचे सर्व्हर चालू होते, ग्राहकांचा डेटा जागेवर होता, कर्मचारी कामावर होते. बंद पडले होते ते फक्त नाव. ‘झोहो डॉट कॉम’ या नावाची नोंदणी अमेरिकेतल्या टिएरानेट या रजिस्ट्रार कंपनीकडे होती आणि तिने फिशिंगच्या, म्हणजे खोट्या ईमेल आणि पानांनी माहिती चोरण्याच्या, तक्रारींचे कारण देऊन ते नाव रोखून ठेवले होते. झोहोच्या म्हणण्यानुसार आधीच्या दोनेक महिन्यांत टिएरानेटकडून त्यांच्याकडे फक्त तीन तक्रारी आल्या होत्या. दोन प्रकरणांत कारवाई होऊन गेली होती, तिसऱ्याची चौकशी चालू होती. तरीही तीन कोटींहून अधिक वापरकर्त्यांची ईमेल, हिशेब आणि कागदपत्रे एका झटक्यात त्यांच्या हाताबाहेर गेली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख श्रीधर वेंबू यांना ट्विटरवर जाहीरपणे मदत मागावी लागली. काही तासांनी नाव सुटले. पण जुनी नोंद जगभरच्या सर्व्हरांत साठून राहिल्याने अनेकांना त्यानंतरही बराच वेळ सेवा मिळाली नाही. दुसऱ्याच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेवर आपले भवितव्य सोपवणार नाही, आपणच रजिस्ट्रार होऊ, असे वेंबू यांनी नंतर जाहीर केले. हजारो कर्मचारी आणि स्वतःचे तज्ज्ञ असलेल्या कंपनीला हे सुचू शकते आणि परवडूही शकते. ज्यांना ते शक्य नाही, त्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न मेळघाटातल्या धारणीपासून वाटतो तितका दूर नाही. धारणी तालुक्यातल्या हरिसालला २०१६मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले, तेव्हा सगळी चर्चा नेटवर्क, टेलिमेडिसिन आणि संगणकांची होती. जोडणी मिळाली की पुढचे सगळे आपोआप होईल, अशी ती अपेक्षा होती. मेळघाटातले मध, बांबूच्या वस्तू, चिखलदऱ्याची कॉफी अशा मालाला बाहेरचा ग्राहक हवा असेल, किंवा कोरकू मुलांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला पुण्या-मुंबईचा देणगीदार हवा असेल, तर वेबसाइट आणि स्वतःच्या नावाचा ईमेल लागतोच. ते नाव पाकिटावर छापले जाते, पावतीवर येते, सरकारी अर्जांत भरले जाते. धारणीहून अमरावती हे जिल्ह्याचे ठिकाण परतवाड्याच्या घाटरस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. जिथे रस्त्याने पोचायला इतका वेळ लागतो, तिथे इंटरनेटवरचे नाव ही मोठी सोय असते, आणि ते बंद पडले तर होणारे नुकसानही त्याच मापाचे असते. माझे म्हणणे एवढेच आहे: स्पॅम आणि फसवणूक थांबवण्याचा अधिकार रजिस्ट्रारकडे असलाच पाहिजे, पण विचारणा न करता, पुरावा न दाखवता आणि दाद मागायला माणूस न ठेवता तो वापरला, तर शिक्षा स्पॅम पाठवणाऱ्याला न होता ज्याच्या नावाचा गैरवापर झाला त्यालाच होते.

असे का होते, ते कळण्यासाठी रजिस्ट्रारच्या हातात नेमके काय असते हे पाहायला हवे. वेबसाइटची पाने आणि छायाचित्रे होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असतात. रजिस्ट्रारकडे त्यांतले काहीच नसते. त्याच्याकडे असते ती फक्त नोंद: हे नाव अमक्याचे, आणि ते विचारणाऱ्याला तमक्या सर्व्हरकडे पाठवा. वेबसाइटच्या एखाद्या कोपऱ्यात चोराने बँकेचे खोटे पान लपवले, तर होस्टिंग कंपनी तेवढे पान काढू शकते. रजिस्ट्रारला ते जमत नाही. तो अख्खे नाव चालू ठेवू शकतो किंवा अख्खे नाव बंद करू शकतो. एका खोलीतल्या भाडेकरूविरुद्ध तक्रार आली म्हणून संपूर्ण चाळीची वीज तोडावी, तसा हा उपाय आहे. नाव गेले की त्या नावावरचे सगळे ईमेल जातात, ग्राहकांची ऑर्डर जाते, नावाशी जोडलेल्या इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याची वाटही जाते. सर्वांत वाईट म्हणजे, रजिस्ट्रारला उत्तर पाठवायचे तर तेही बहुधा त्याच नावाच्या ईमेलवरून पाठवायचे असते. आरोप आणि बचावाचे साधन हिरावणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात.

मुळात ज्यावरून हे सगळे घडते तो संशय कशाचा बनलेला असतो? ईमेलची मूळ रचना विश्वासावर उभी आहे. पत्राच्या ‘प्रेषक’ या जागी कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. त्यामुळे एखाद्या संस्थेच्या नावाने हजारो बनावट ईमेल गेले, तरी त्या संस्थेच्या कोणी एक अक्षरही टाइप केलेले नसेल, हे पूर्ण शक्य आहे. दुसरा प्रकार म्हणजे वेबसाइट हॅक होणे. वर्षानुवर्षे अपडेट न केलेल्या वर्डप्रेसच्या वेबसाइटमध्ये बाहेरचा माणूस शिरतो आणि तिथून फिशिंग चालवतो. मालकाला पत्ताच नसतो. तिसरा प्रकार स्वस्त होस्टिंगचा. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट असतात आणि त्यांतल्या एकीने केलेल्या स्पॅमचा डाग सर्व्हरच्या पत्त्यामुळे बाकीच्यांवर पडतो. चौथा प्रकार खऱ्या चुकीचा आहे. एखादी संस्था जुन्या मेळाव्यांत जमवलेल्या पत्त्यांवर न विचारता एकगठ्ठा ईमेल पाठवते आणि लोक ‘स्पॅम’चे बटण दाबतात. या चारांपैकी एकातही मालक गुन्हेगार नाही. तीन प्रकारांत तर तो स्वतःच पीडित आहे. स्पॅमहाउससारख्या संस्था आपल्या काळ्या याद्या तयार करतात, तेव्हा त्यांना दिसते ती वागणूक. तिच्यामागचा माणूस दिसत नाही. अशी यादी ईमेल गाळण्यासाठी उत्तम काम करते. पण गाळणीच्या निष्कर्षाला निकाल मानून नावच रोखणे, ही त्या यादीच्या मूळ हेतूपलीकडची उडी आहे.

त्यातही आपल्याकडे एक गुंता जास्त आहे. जगभरच्या नावांची व्यवस्था पाहणारी आयकॅन ही संस्था रजिस्ट्रारांशी करार करते, रजिस्ट्रार पुढे रिसेलर नेमतात, रिसेलर वेबसाइट बनवून देणाऱ्याला नाव विकतो आणि तो ते आपल्या ग्राहकाला देतो. ही साखळी भारतात रुजवण्यात मुंबईच्या डायरेक्टी या कंपनीचा मोठा वाटा आहे. १९९८मध्ये सुरू झालेल्या या कंपनीच्या रिसेलर व्यवसायामुळे छोट्या शहरांतल्या तरुणांनाही नावे विकण्याचा धंदा करता आला, आणि नाव घेणे स्वस्त व सोपे झाले. तो लाभ मोठाच. पण परतवाड्याच्या किंवा अकोल्याच्या वेबसाइट बनवणाऱ्याने धारणीच्या ग्राहकाचे नाव स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवले, तर रजिस्ट्रारची सूचना त्याच्याकडे जाते. ज्याचे नाव आहे त्याच्याकडे नाही. त्याने धंदा बदलला, फोन बदलला, की सूचना कोणीच वाचत नाही. आयकॅनच्या २०१३च्या करारानुसार नवीन नोंदणीनंतर किंवा तपशील बदलल्यावर १५ दिवसांत ईमेल किंवा फोनची खातरजमा झाली नाही, तर रजिस्ट्रारला नाव रोखता येते. म्हणजे काही वेळा स्पॅमचा संबंधही नसतो; फक्त एका ईमेलमधल्या दुव्यावर कोणी क्लिक केलेले नसते. बाहेरून मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात: नोंदीवर ‘क्लायंट होल्ड’ असे लिहिलेले आणि वेबसाइट बंद.

आता दुसरी बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी ऐकली पाहिजे. फिशिंगचे पान काही तासांतच आपले काम करून जाते. सूचना द्या, उत्तराची वाट पाहा, मग ठरवा, असे म्हटले तर तेवढ्या वेळात कित्येकांची खाती रिकामी होतील; आणि ती खाती धारणीतल्या पेन्शनरांचीही असू शकतात. ढिलाईचे परिणाम जगाने पाहिलेले आहेत. एस्टोनियाशी जोडलेली एस्टडोमेन्स ही रजिस्ट्रार कंपनी गुन्हेगारी टोळ्यांची आवडती म्हणून कुप्रसिद्ध होती. तिच्या प्रमुखाला तिथल्या न्यायालयाने दोषी ठरवल्यावर २००८मध्ये आयकॅनने तिची मान्यता काढली आणि तिच्याकडची सुमारे २,८१,००० नावे सांभाळण्याची जबाबदारी आली ती मुंबईच्या डायरेक्टीवर. अलीकडचे उदाहरण फ्रीनॉमचे. फुकट नावे वाटणाऱ्या या कंपनीवर फिशिंगला आसरा दिल्याचा आरोप करत मेटाने खटला भरला, २०२३मध्ये तिची नवी नोंदणी थांबली आणि त्याच वर्षी आयकॅनने तिचीही मान्यता रद्द केली. इतकेच कशाला, झोहोच्या प्रकरणानंतर काही आठवड्यांतच कोफेन्स या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले की, तिने तपासलेल्या कीलॉगर प्रकारच्या घातक प्रोग्रामांपैकी सुमारे ४० टक्के चोरलेली माहिती पाठवण्यासाठी झोहोची ईमेल खाती वापरत होते. टिएरानेटची काळजी हवेतली नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे.

पण काळजी खरी असली, म्हणून उपाय बरोबर ठरत नाही. झोहोचे नाव बंद केल्याने त्या चोरांपैकी किती जणांचे काम कायमचे थांबले? ज्यांनी खोटी खाती उघडली होती, ते दुसऱ्या सेवेकडे जायला मोकळे होते. अडकले ते प्रामाणिक वापरकर्ते. गुन्ह्यासाठीच घेतलेले नाव आणि हॅक झालेले प्रामाणिक नाव यांतला फरक ओळखणे अशक्यही नाही. कालपरवा घेतलेले, बँकेच्या नावासारखे दिसणारे, आत दुसरे काहीच नसलेले नाव ताबडतोब बंद करावे. त्याबद्दल कोणाची हरकत नसावी. दहा वर्षे चालू असलेले, शेकडो साधी पाने असलेले आणि अचानक एका पानावर फिशिंग सापडलेले नाव मात्र बहुधा हॅक झालेले असते. नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या राष्ट्रीय नोंदणी संस्थांनी विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर याच फरकासाठी ‘कोमार’ हा प्रकल्प राबवला. म्हणजे घाई कुठे करायची आणि चौकशी कुठे करायची, हे ठरवण्याची साधने आहेत. घाई सगळीकडे करणे हा सुरक्षेचा मार्ग नसून कष्ट वाचवण्याचा आहे. २००७मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाच्या सांगण्यावरून गोडॅडी या रजिस्ट्रारने सेकलिस्ट्स हे संगणक-सुरक्षेच्या चर्चेचे संग्रहस्थळ बंद केले. मालकाच्या फोनवर निरोप ठेवल्यानंतर मिनिटभराच्या आत ते बंद झाले होते. एका वादग्रस्त मजकुरापायी अडीच लाख पाने गेली. मालकाशी दोन मिनिटे बोलणे झाले असते, तर तेवढा एकच मजकूर काढता आला असता.

नियमही हीच दिशा दाखवतात. ५ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या आयकॅनच्या सुधारित करारांनी रजिस्ट्रारांना गैरवापराच्या ठोस पुराव्यावर त्वरित पावले उचलणे बंधनकारक केले. त्यात मालवेअर, बॉटनेट, फिशिंग आणि फार्मिंग यांची नावे आहेत. स्पॅमचेही आहे, पण एका अटीसह: या चारांपैकी काही पोचवण्याचे साधन म्हणून तो वापरला गेला असेल तरच. म्हणजे नुसता जाहिरातीचा ईमेल त्रासदायक असला, तरी या व्याख्येत बसत नाही. पुढे असेही म्हटले आहे की, कारवाई ठरवताना हानीचे कारण, तिची तीव्रता आणि निरपराधांचे होणारे नुकसान विचारात घ्यावे. या तरतुदीची भारतीय ग्राहकाला माहिती हवी, कारण ‘नियमच तसा आहे’ हे उत्तर अर्धवट आहे. मात्र ‘डॉट इन’ आणि ‘डॉट भारत’ ही नावे आयकॅनच्या या करारांखाली येत नाहीत. त्यांची व्यवस्था निक्सी ही भारतीय संस्था पाहते. त्यामुळे ‘डॉट कॉम’चा मालक आयकॅनकडे रजिस्ट्रारची तक्रार करू शकतो, तर ‘डॉट इन’च्या मालकाला रजिस्ट्रारनंतर निक्सीचे दार ठोठावावे लागते. देवनागरीत नाव घेण्याची सोय देणाऱ्या संस्थेने, ते नाव रोखले गेल्यास दाद कशी मागायची हेही साध्या मराठीत सांगावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आणखी एक आक्षेप असा की, हा खासगी करार आहे. ग्राहकाने अटी मान्य करून नाव घेतले, शिवाय वर्षाला हजार-दीड हजार रुपयांत प्रत्येक तक्रारीची चौकशी कशी परवडणार? किमतीचा मुद्दा खरा आहे. परंतु चौकशी परवडत नाही म्हणून शिक्षा परवडते, हे तर्काला धरून नाही. कराराबद्दल म्हणाल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने अन्याय्य कराराची व्याख्या केली आहे आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट त्या व्याख्येत येते. या कायद्यामुळे ग्राहकाला आपण राहतो त्या ठिकाणच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. सेवेतल्या त्रुटीची तक्रार अमरावतीच्या जिल्हा आयोगात करता येते. अन्याय्य कराराचा मुद्दा राज्य आयोगाकडे न्यावा लागतो. स्वयंरोजगारातून पोट भरणारा माणूस व्यवसायासाठी सेवा घेत असला, तरी तो ग्राहक ठरू शकतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. महिनाभर बंद राहिलेल्या नावाला हा न्याय उशिराचाच; पण करारावर सही केली म्हणजे सगळे हक्क संपले, हे खरे नाही.

या सगळ्यात कायद्याची एक पोकळीही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ मध्ये त्रास देणाऱ्या आणि प्रेषकाबद्दल दिशाभूल करणाऱ्या ईमेलचा उल्लेख होता. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात ते कलम रद्द केले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी तो निकाल आवश्यकच होता. पण त्यानंतर ईमेल स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे आला नाही, आणि स्पॅम म्हणजे काय हे ठरवण्याचे काम खासगी कंपन्यांच्या हाती राहिले. याउलट नको असलेल्या फोन आणि एसएमएसच्या बाबतीत ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०१८मध्ये नियम केले आणि २०२५मध्ये ते कडक केले. तिथे किती दिवसांत किती तक्रारी आल्या तर कारवाई, हे लिहिलेले आहे. नोंदणी नसलेल्या प्रेषकाच्या पहिल्या उल्लंघनाला १५ दिवस बाहेर जाणारी सेवा बंद, पुन्हा केल्यास वर्षभर जोडणी बंद. पायऱ्या ठरलेल्या आहेत, मुदत ठरलेली आहे, आणि पहिल्या पायरीवर येणारे फोन बंद होत नाहीत. ही पद्धत निर्दोष आहे असे नाही. पण स्पॅमशी लढताना प्रमाण सांभाळता येते, हे तिने याच देशात दाखवले आहे. इंटरनेटवरच्या नावांच्या बाबतीत तेच का होऊ नये?

मागण्या फार मोठ्या नाहीत. जुने आणि चालू वापरातले नाव रोखण्यापूर्वी मालकाला ईमेल आणि फोन या दोन्ही मार्गांनी कळवावे आणि तातडीचा धोका नसेल तर निदान एक कामाचा दिवस द्यावा. सूचनेत नेमके पान, वेळ आणि तक्रारीचा नमुना द्यावा. ‘गैरवापर आढळला’ एवढ्यावर भागवू नये. पान होस्टिंग कंपनीकडून काढता येत असेल, तर आधी तो मार्ग घ्यावा. तातडीने रोखलेच, तर उत्तर देणारा माणूस ठरावीक तासांत उपलब्ध असावा. ‘डॉट इन’ आणि ‘डॉट भारत’साठी निक्सीने हे आपल्या रजिस्ट्रारांवर बंधनकारक करावे. रिझर्व्ह बँकेने बँकांना २०२५मध्ये ‘डॉट बँक डॉट इन’ ही खास आणि राखलेली जागा करून दिली, ती फसवणूक रोखण्यासाठी योग्यच होती. मोठ्यांसाठी जो विचार झाला, तो छोट्यांसाठीही व्हावा.

तोवर नावाच्या मालकाने काही गोष्टी स्वतः कराव्यात, आणि त्या धारणीत बसूनही होतात. नाव संस्थेच्या स्वतःच्या खात्यात, संस्थेच्या माणसाच्या फोनवर नोंदवावे. वेबसाइट बनवणाऱ्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. रजिस्ट्रारशी संपर्काचा ईमेल त्याच नावावरचा नसावा, म्हणजे नाव बंद पडले तरी बोलता येते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी बसवून घ्याव्यात. आपल्या नावाने ईमेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, पत्रावरची मोहोर खरी कशी ओळखायची आणि खोटे पत्र आल्यास काय करायचे, हे त्यांतून जगाला कळते. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४पासून मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या आहेत; लहानांनीही त्या लावाव्यात. वेबसाइट वेळेवर अपडेट करावी आणि तिची प्रत दुसरीकडे ठेवावी. नाव बंद झालेच, तर आधी नोंद तपासावी: ‘क्लायंट होल्ड’ असेल तर ते रजिस्ट्रारने रोखले आहे, ‘सर्व्हर होल्ड’ असेल तर त्याच्या वरच्या नोंदणी संस्थेने. मग चुकीचा भाग साफ करून, काय सापडले आणि काय केले हे पुराव्यासह लेखी कळवावे. काळ्या यादीत नाव असेल तर ते काढण्यासाठी थेट त्या यादीवाल्यांकडेच अर्ज करावा. स्पॅमहाउस यासाठी पैसे घेत नाही, त्यामुळे पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून सावध राहावे.

ही सावधगिरी गरजेची आहे, पण तिच्यामुळे रजिस्ट्रारची जबाबदारी संपत नाही. स्पॅमविरुद्धची लढाई शेवटी लोकांचा इंटरनेटवरचा विश्वास टिकवण्यासाठी आहे. मेळघाटातल्या एखाद्या बचत गटाने पहिल्यांदा स्वतःचे नाव इंटरनेटवर लावले आणि न केलेल्या चुकीपायी, एकही प्रश्न न विचारता ते रोखले गेले, तर तो गट पुन्हा दलालाकडे आणि दुसऱ्याच्या नावाकडे वळेल. फसवणूक रोखण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेनेच प्रामाणिक माणसाला बाहेर काढले, तर ती आपल्याच उद्देशाविरुद्ध काम करते. म्हणून नाव रोखण्याआधी विचारणा करणे ही मेहेरबानी नव्हे; तो त्या व्यवस्थेच्या कामाचाच भाग मानला गेला पाहिजे.